डबा ताजा, पण माप पंधरा किलोच्या कुत्र्याचं

कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात कुत्र्यांसाठी ताजं शिजवलेलं जेवण घरपोच देणाऱ्या एका स्वयंपाकघराचा चौदा दिवसांचा डबा घेऊन हे परीक्षण केलं आहे. नाव मुद्दाम दिलेलं नाही. खाली जे दोष येतील ते पाकिटाच्या मागच्या बाजूला वाचूनच कळतात, आणि तुमच्याकडे येणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या पाकिटावरही ते तसेच तपासता येतील. परीक्षण दहा किलोच्या आतल्या कुत्र्यांपुरतं आहे: पग, शिह त्झू, ल्हासा, डॅशहुंड, आणि आपल्याकडे सरसकट ज्याला पामेरियन म्हणतात पण जो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, तो.

निकाल आधीच सांगून टाकतो. अन्न चांगलं आहे, शिजवणारे हात स्वच्छ आहेत. किती घालायचं हे सांगणारा तक्ता मात्र लहान कुत्र्याला अर्धपोटी ठेवतो, आणि कॅल्शियमच्या नावाने आनंद आहे.

पाकीट २०० ग्रॅमचं, चपटं, गोठवलेलं. सोडवून ताटलीत काढलं की भात खिमटासारखा मऊ लागतो; हे बरोबरच आहे, कुत्र्याला सुटसुटीत शितांचं कौतुक नसतं आणि मऊ भात चांगला पचतो. लाल भोपळा पार विरघळलेला. गाजर मात्र चौकोनी कापलेलं, बोटाने दाबलं तरी न मोडणारं. ते जसं आत जातं तसंच दुसऱ्या दिवशी बाहेर पडतं. ते पाहून पोट बिघडल्याची शंका घेऊ नये. गाजर किसून घातलं असतं तर प्रश्नच मिटला असता. चिकनचे तुकडे दीड-दोन सेंटिमीटरचे आहेत. पाच किलोच्या कुत्र्याला चालतील, पण दोन-तीन किलोच्या हावरट पामेरियनला हा घास मोठा आहे, न चावता गिळला तर ठसका ठरलेला. वाढण्याआधी काट्याने चुरडून घ्या.

मनापासून कौतुक करावं अशी गोष्ट एकच, पण मोठी: चौदाही पाकिटं बोटांनी चाचपून पाहिली, हाडाची एक कपची सापडली नाही. शिजलेलं हाड मोडताना टोकदार फुटतं आणि लहान कुत्र्याच्या अन्ननलिकेत अडकायला त्याला फार जागा लागत नाही. मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही. हळद नावापुरती आहे. ती अपाय करत नाही, पण पाकिटावर तिचा जो गाजावाजा केलाय तेवढा उपायही करत नाही.

वजनात अकरा पाकिटं १९६ ते २०५ ग्रॅम भरली, तीन पाकिटं १८५ ते १८८. लॅब्रेडॉरच्या घरात हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. तीन किलोच्या कुत्र्याला मात्र पंधरा ग्रॅमची तूट म्हणजे एकोणीस कॅलरी, दिवसाच्या गरजेचा जवळजवळ बारावा हिस्सा. लहान कुत्र्याच्या बाबतीत स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ही चैन नाही.

आता मागची बाजू. चिकनच्या पाकिटावर छापलंय: प्रोटीन ९ टक्के, फॅट ५, तंतू १, राख (म्हणजे खनिजं) २, पाणी ७२. नऊ टक्के वाचून पुष्कळ जण नाक मुरडतात, कारण दुकानातल्या सुक्या खाद्याच्या पोत्यावर चोवीस-सव्वीस टक्के लिहिलेलं असतं. ही तुलनाच चुकीची आहे. सुक्या खाद्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, इथे बहात्तर. पाणी वजा करून बघा: उरलेल्या २८ भागांत ९ प्रोटीन, म्हणजे ३२ टक्के, ५ फॅट, म्हणजे १८ टक्के. अमेरिकेतल्या ॲफ्को या संस्थेचे निकष बहुतेक कंपन्या वापरतात. त्यांत प्रौढ कुत्र्यासाठी कोरड्या वजनावर किमान १८ टक्के प्रोटीन आणि साडेपाच टक्के फॅट सांगितलंय. त्या हिशेबाने हा डबा प्रोटीनमध्ये भरघोस आहे.

कॅलरी मात्र पाकिटावर कुठेच नाहीत, आणि इथेच घोळ सुरू होतो. त्या आपणच काढायच्या. शंभरातून पाणी, प्रोटीन, फॅट, तंतू, राख वजा केली की पिष्ट उरतं ११. ताज्या शिजवलेल्या अन्नाला प्रोटीनच्या ग्रॅममागे ४, फॅटच्या ९ आणि पिष्टाच्या ४ कॅलरी धरतात (सुक्या खाद्याला साडेतीन, साडेआठ, साडेतीन). म्हणजे ३६ अधिक ४५ अधिक ४४: शंभर ग्रॅमला १२५ कॅलरी.

पाकिटावरचा तक्ता म्हणतो: कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे रोज ४० ग्रॅम. ऐकायला सरळ, लक्षात ठेवायला सोपं, आणि चूक. शरीराची ऊर्जेची गरज वजनाच्या सरळ पटीत वाढत नाही. लहान अंगाला वजनाच्या मानाने कातडीचा पसारा जास्त, त्यामुळे उष्णता लवकर जाते आणि किलोमागे इंधन जास्त जळतं. त्यासाठीचं सूत्र डॉक्टर रोज वापरतात, ते मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर असं काढायचं: वजन तीनदा गुणा, त्याचं वर्गमूळ काढा, आलेल्या उत्तराचं परत वर्गमूळ काढा, आणि ७० ने गुणा. तीन किलोसाठी ३ गुणिले ३ गुणिले ३ म्हणजे २७, वर्गमूळ ५.२, त्याचं वर्गमूळ २.२८, सत्तरने गुणून १६०. ही नुसती पडून राहण्याची गरज. नसबंदी झालेल्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, सकाळ-संध्याकाळ सोसायटीला दोन फेऱ्या मारणाऱ्या कुत्र्याला याच्या १.४ पट धरून सुरुवात करावी: २२४ कॅलरी.

आता दोन्ही शेजारी ठेवा. तक्त्याप्रमाणे तीन किलोच्या कुत्र्याला १२० ग्रॅम, म्हणजे १५० कॅलरी. हवं होतं १८० ग्रॅम. दोन किलोच्या कुत्र्याला तक्ता देतो ८० ग्रॅम, हवं १३२. पाच किलोला २०० ऐवजी २६२. आठ किलोला ३२० ऐवजी ३७३, म्हणजे इथे फरक कमी होत आलाय. तक्ता अगदी चपखल बसतो तो पंधरा किलोला: मध्यम बांध्याचं गावठी कुत्रं डोळ्यांपुढे ठेवून कुणीतरी माप काढलं असावं आणि मग खाली-वर भागाकार-गुणाकार करत सगळ्यांना वाटून टाकलं असावं. जितकं कुत्रं लहान, तितकी उपासमार मोठी.

मग पुढे काय होतं? कुत्रं पातेल्याभोवती घुटमळतं, ताटली चाटून चाटून सरकवत नेतं. घरच्यांना वाटतं, बिचाऱ्याला डबा पुरत नाही. चहाबरोबर एक मारी जाते, पोळीचा चतकोर जातो, आजीच्या ताटातला आमटी-भात जातो. एक मारी बिस्किट साधारण २५ कॅलरीचं; वरखाऊ दिवसाच्या दहा टक्क्यांत बसवावा असा नियम आहे, म्हणजे तीन किलोच्या कुत्र्याला २२ कॅलरी. एका मारीतच कोटा संपला. चतकोर पोळी तेवढीच. पंधरा दिवसांत कुत्रं शिकतं की डब्यापुढे तोंड फिरवलं की बिस्किट येतं, आणि महिन्याभरात घरच्यांची तक्रार उलटी होते: हा डबा खातच नाही हो, फार नखरे करतो. नखरे नाहीत ते, हिशेब आहे त्याचा.

वरच्या घासांतला आमटी-भात सगळ्यांत वाईट. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतका कांदा धोक्याचा धरतात, आणि तीन किलोच्या कुत्र्याला ते फक्त १५ ग्रॅम, म्हणजे चिरलेल्या कांद्याचे चार-पाच छोटे चमचे. शिजवल्याने विष जात नाही. द्राक्षं, मनुका, बेदाणे मूत्रपिंडं निकामी करू शकतात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं, आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. त्यामुळे गणपतीतल्या शिऱ्यातले बेदाणे आणि रोजच्या आमटीतली चिंच, दोन्ही ताटलीबाहेर. साखरविरहित च्युइंगम किंवा पीनट बटरमधलं झायलिटॉल तर तासाभराच्या आत रक्तातली साखर पाडतं. पाकिटावर ‘वरून काय घालू नये’ याची एक ओळ छापायला काय हरकत होती?

कॅल्शियमचा विषय जास्त गंभीर. घटकांच्या यादीत चिकन, चिकनचं काळीज, तांदूळ, भोपळा, गाजर, फरसबी, खोबरेल तेल, हळद आहे. हाडाची पूड नाही, कॅल्शियम कार्बोनेट नाही, जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण नाही. विचारल्यावर उत्तर आलं, ‘आम्ही हाडांचा रस्सा घालतो ना.’ हाडं उकळून कॅल्शियम पाण्यात फारसं उतरत नाही. रश्श्यात चव येते, थोडं जिलेटिन येतं, बस. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. असं जेवण महिनोन्‌महिने चाललं की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतून काढून घेतं. लहान जातींत जबडा मुळात बारीक, दात दाटीने बसलेले, हिरड्यांचे आजार आधीच लवकर होणारे. तिथे हाड विरळ झालं की दात हलायला लागतात.

प्रौढ कुत्र्याला हजार कॅलरीमागे किमान १.२५ ग्रॅम कॅल्शियम लागतं. २२४ कॅलरीला २८० मिलिग्रॅम. या डब्यातून जेमतेम तीस-पस्तीस मिळतं. उरलेल्या अडीचशेसाठी अंड्याच्या कवचाची पूड चालते: कवच धुऊन दहा मिनिटं उकळा, तव्यावर मंद आचेवर खडखडीत वाळवा, मिक्सरच्या लहान भांड्यात फिरवा आणि मलमलच्या फडक्यातून चाळा. चाळल्यावर बोटांत चोळली तर टाल्कसारखी लागली पाहिजे. खरखर लागली तर परत फिरवा. या पुडीत जवळपास ३८ टक्के कॅल्शियम असतं, म्हणून तीन किलोच्या कुत्र्याला दिवसाला ०.६५ ग्रॅम, म्हणजे छोट्या चहाच्या चमच्याचा आठवा भाग, दोन जेवणांत वाटून. जास्त म्हणजे चांगलं असं इथे नाही, जास्तीने बद्धकोष्ठ होतं. मूत्रपिंडाचा त्रास किंवा खड्यांचा इतिहास असेल तर पूड डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका. आणि पूड घातली म्हणून जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वं येत नाहीत. त्यासाठी घरच्या जेवणात मिसळायचं तयार मिश्रण डॉक्टरांकडून लिहून घ्यावं लागतं.

पाकिटावर ‘सर्व वयांसाठी’ असंही छापलंय. ते खोडून टाका. पिल्लाला हजार कॅलरीमागे ३ ग्रॅम कॅल्शियम लागतं, प्रौढाच्या दुपटीहून जास्त, आणि वर फॉस्फरसशी प्रमाण राखावं लागतं. चिमूटभर पुडीने ते साधत नाही. पिल्लांसाठी, त्यातही दीड-दोन किलोच्या पिल्लांसाठी, ‘वाढीच्या वयासाठी परिपूर्ण’ असं स्पष्ट लिहिलेलं खाद्यच घ्या आणि चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा द्या. एवढ्याशा यकृतात साखरेचा साठा नसतोच. एक-दोन वेळचं जेवण चुकलं की पिल्लू लडखडतं, गळून पडतं. अशा वेळी हिरड्यांवर मध चोळून थेट दवाखाना गाठायचा.

शाकाहारी घरांसाठी पनीर-नाचणी-मूगडाळीचं पाकीट आहे. पेठांत त्याला गिऱ्हाईक मिळेल यात शंका नाही, आणि कुत्रं मांजरासारखं फक्त मांसावर अडलेलं नसतं, नीट आखलेल्या शाकाहारावर ते राहू शकतं. पण या पाकिटात पाणी ७० आणि फॅट ८ टक्के आहे. कोरड्या वजनावर जवळजवळ २७ टक्के. मिनिएचर श्नाउझरला, किंवा स्वादुपिंडाला एकदा सूज येऊन गेलेल्या कुठल्याही कुत्र्याला हे देऊ नये. नाचणीत कॅल्शियम असतं हे खरं, शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण लहान कुत्र्याच्या वाट्याला येणार वीस ग्रॅम पीठ, आणि त्यातलंही सगळं अंगी लागत नाही.

एका बाबतीत मात्र हा डबा सुक्या खाद्याला सहज हरवतो. तीन किलोच्या कुत्र्याला दिवसाला दीडशे ते एकशे ऐंशी मिलिलिटर पाणी लागतं, आणि १८० ग्रॅम डब्यातून १३० मिलिलिटर परस्पर पोटात जातं. शिह त्झू, ल्हासा, श्नाउझर यांना मूतखड्यांची खोड असते; लघवी पातळ राहणं हा त्यावरचा पहिला उपाय. सुकं खाद्यच चालू ठेवायचं असेल तर त्यात कोमट पाणी घाला. ‘सुक्या खाद्याने दात साफ होतात’ हे मनावर घेऊ नका, बहुतेक दाणे दाताला लागताच फुटतात; दात ब्रशनेच साफ होतात, आणि तेही कुत्र्यांच्या पेस्टने. पोत्यावर ‘छोट्या जातींसाठी’ लिहिलेलं असतं त्यात दाण्याचा आकार आणि कॅलरींची दाटी एवढा फरक खरा असतो. मापाची चूक तिथे उलट बाजूने होते. शंभर ग्रॅमला ३८० कॅलरी धरल्या तर तीन किलोच्या कुत्र्याला दिवसभरात ५९ ग्रॅम पुरतात. आमटीची वाटी सपाट भरली की साधारण तेवढं होतं. शीग लावली की वीस ग्रॅम वाढले, म्हणजे गरजेचा तिसरा हिस्सा. म्हणून सोसायट्यांमध्ये दिसणारे पग तसे दिसतात.

डबा आठवड्यातून दोनदा येतो, थर्मोकोलच्या खोक्यात, जेलच्या लाद्यांसह. सकाळी आलेली पाकिटं दगडासारखी होती. दुपारी दोनला आलेल्या एका खेपेत कडा मऊ झालेल्या. पाकीट दाबून बघा. आत बर्फाचे मोठे खडे आणि एका कोपऱ्यात लालसर पाणी गोठलेलं दिसलं, तर ते वाटेत सुटून परत गोठलेलं आहे, ते परत करा. (इथे बिनतक्रार बदलून दिलं, हे नोंदवायला हवं.) रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सोडवावं, घाई असेल तर पाकीट बंद ठेवून गरम पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये कडेला चटका आणि मधोमध बर्फ असं होतं. उघडलेलं पाकीट झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस, त्यापुढे नाही, आणि परत गोठवायचं नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जाणार असेल तर फ्रीझर उघडू नका. ताटलीत वाढलेलं वीस मिनिटांत संपलं नाही तर उचला. एप्रिल-मेच्या पुण्यात तासभर ठेवलेलं ओलं चिकन कुणालाच देण्यासारखं राहत नाही.

सुक्या खाद्यावरून डब्यावर यायला आठ-दहा दिवस द्या. तीन किलोच्या कुत्र्याला पहिले तीन दिवस ४५ ग्रॅम डबा आणि ४४ ग्रॅम सुकं, मग ९० आणि ३०, मग १३५ आणि १५. शी पातळ झाली तर आदल्या पायरीवर दोन दिवस थांबा. एकदम बदललं की हगवण लागते आणि दोष डब्यावर येतो.

पैशांचा हिशेब तक्त्यामुळेच फसवा झालाय. चिकनचं पाकीट ११० रुपये. तक्त्याच्या १२० ग्रॅमने महिन्याला १८ पाकिटं, १,९८० रुपये. संकेतस्थळावर हाच आकडा ‘छोट्या कुत्र्यासाठी’ म्हणून झळकतो. खऱ्या १८० ग्रॅमने २७ पाकिटं लागतात, २,९७० रुपये. घरी करायचं तर त्याच कुत्र्याला रोज उकडलेलं बिनहाडाचं चिकन ७० ग्रॅम (त्यातलं पाच ग्रॅम काळीज), शिजलेला भात ६०, उकडलेला भोपळा ३०, अर्धा छोटा चमचा तेल, वर पूड आणि डॉक्टरांचं मिश्रण. आठवड्याचं एकदम करून रोजचे भाग वेगळे गोठवले तर रविवारचा तासभर जातो. ज्याला तो तास नाही आणि सात ते दहा किलोचं प्रौढ कुत्रं आहे, त्याने हा डबा जरूर घ्यावा. दोन-तीन किलोच्या कुत्र्यासाठी घेणार असाल तर तक्ता फाडून काटा वापरा.

सुरुवात केल्यावर दर रविवारी वजन करा; कुत्र्याला उचलून घेऊन, मग एकट्याने, आणि वजाबाकी, पण काटा शंभर ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. फासळ्यांवरून बोटं फिरवा. आपल्याच हाताची मूठ वळून सांध्यांवरून बोट फिरवल्यावर जसं लागतं तसं लागलं तर कुत्रं रोड आहे, हात पालथा सपाट धरून बोटांच्या मुळांशी लागतं तसं लागलं तर ठीक, तळहातासारखं लागलं तर जाड. त्यावरून माप दहा ग्रॅमने कमी-जास्त करा आणि पुढचे दोन आठवडे त्याला हात लावू नका. सदस्यता घेताना ‘छोटं पॅक’ निवडू नका, ते ८० ग्रॅमचं असून किलोला सव्वापट महाग पडतं. खेप थांबवायची असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत कळवावं लागतं, नंतर पैसे कापतात.